कोंबडीच्या खाद्यातलं कोलिस्टिन

"ब्रॉयलरला अँटिबायोटिक देतात, ती कोंबडी खाऊन आपल्या शरीराला औषधाची सवय होते, मग गोळ्या लागू पडत नाहीत." रविवारी चिकनच्या दुकानात एका काकांनी मला हे समजावलं. त्यांची काळजी रास्त आहे, पण गोम वेगळीच आहे. औषधाला सरावतात ते जिवाणू. ते कसे, हे कोलिस्टिन नावाच्या अँटिबायोटिकच्या गोष्टीतून छान कळतं.

कोलिस्टिन १९४०च्या दशकाअखेरीस जपानमध्ये सापडलं. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात डॉक्टरांनी ते जवळपास बाजूलाच ठेवलं. पुढे इतर औषधं हरू लागली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते परत आलं. पण तोवर डुकरांनी, कोंबड्यांनी लवकर वजन धरावं म्हणून अनेक देशांत तेच औषध थोडं थोडं खाद्यात मिसळलं जात होतं. (हार्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबडी फुगवतात, हा मोबाइलवर फिरणारा मजकूर मात्र निखालस खोटा आहे. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणं कुणालाच परवडणार नाही. ती वाढ निवडक पैदाशीची आणि खाद्याची.)

आता खरी गंमत. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात लिपिड ए नावाचा रेणू असतो. त्याच्या फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे धनभारित आयन विटांमधल्या सिमेंटसारखे हे रेणू एकमेकांना धरून ठेवतात. कोलिस्टिनवरही धनभार असतो. ते या आयनांना हुसकावून त्यांच्या जागी बसतं, आवरण खिळखिळं होतं आणि जिवाणू मरतो.

एमसीआर-१ हे जनुक ज्याच्याकडे आहे तो जिवाणू एक विकर (एन्झाइम) तयार करतो. ते विकर लिपिड ए-च्या फॉस्फेटवर फॉस्फोइथेनॉलअमाइन नावाचा छोटा रेणू चिकटवतं. ऋणभार कमी होतो, आणि कोलिस्टिनला धरायला जागाच उरत नाही.

हे जनुक शांघायमधल्या एका डुकराच्या ई. कोलायमध्ये सापडलं आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा जगभरचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हादरले. त्याचं कारण जनुकाची जागा. ते प्लाझमिडवर होतं. प्लाझमिड म्हणजे मुख्य गुणसूत्रापासून सुटा, बांगडीसारखा गोल डीएनए. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की बांगडीचा एक धागा पलीकडे सरकतो, दोघंही आपापला दुसरा धागा विणून घेतात आणि दोघांकडे पूर्ण बांगडी होते. पलीकडचा जिवाणू वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. त्याआधी माहीत असलेला कोलिस्टिनरोध गुणसूत्रातल्या बदलांमुळे यायचा, म्हणजे आईकडून लेकीकडेच जायचा. आता तो शेजाऱ्यालाही मिळू लागला. त्याच अभ्यासात कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांमध्ये हे जनुक सापडलं.

मांस नीट शिजवलं की हे जिवाणू मरतात. पण ज्या सुरीने चिकन कापलं तिनेच कोशिंबिरीची काकडी चिरली, तर ते जिवंतच ताटात येतात. आपल्याकडे शेडमधलं कोंबडीखत शेतात पडतं, तीही एक वाट आहेच.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं, भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी त्याची विक्री आणि वापर थांबवला. चीनमधल्या डुकरांच्या ई. कोलायमधला कोलिस्टिनरोध ३४ टक्क्यांवरून साधारण दोन वर्षांत सुमारे ५ टक्क्यांवर आला. कारण हे विकर बनवणं जिवाणूला महागात पडतं, त्याची वाढ मंदावते. औषध समोर असेपर्यंतच ही बांगडी फायद्याची. औषध गेलं की ती नसलेले जिवाणू भराभर वाढून पुढे जातात.