१३ वर्षं नेमकी कशात गेली? शलमोनाच्या राजवाड्याची पार्श्वभूमी

चर्चमध्ये चिकाटीवर संदेश द्यायचा म्हटलं की बायबलमधलं १ राजे ७:१ हमखास निघतं, इस्राएलचा राजा शलमोन याला स्वतःचा वाडा पुरा करायला १३ वर्षं लागली. त्याच्या आधीच्याच वचनात मंदिर ७ वर्षांत झाल्याचं आहे, त्यामुळे लोक दोनच गोष्टी काढतात, एक तर राजा बघा किती चिवट, नाहीतर देवाला ७ आणि स्वतःला १३, स्वार्थी कुठला. मला दोन्ही घाईचं वाटतं.

मंदिराची तयारी आधीच झालेली होती हो. शलमोनाचा बाप दावीद राजा, त्याने लोखंड, पितळ, गंधसरूचं लाकूड असं सगळं जमवून ठेवलं होतं, बांधायची परवानगी तेवढी त्याला मिळाली नाही, मग शलमोनाने राज्याच्या चौथ्या वर्षी पाया घातला आणि अकराव्या वर्षी काम संपलं. वाड्यासाठी असा साठा कुणी केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शिवाय तो काही एकच वाडा नव्हता, अख्खं कॉम्प्लेक्स होतं. एकटं लबानोन वनगृहच १०० हात लांब आणि ५० हात रुंद (मंदिर ६० बाय २०!), त्याशिवाय खांबांचा मंडप, न्याय करायला वेगळा मंडप, राहायचं घर आणि फारोच्या (मिसरच्या राजाच्या) मुलीला, म्हणजे राणीला, आणखी एक घर. पायातले दगड ८ ते १० हातांचे, म्हणजे १२ ते १५ फूट, तेही मापात करवतीने कापलेले.

लाकूड सोर शहराच्या हीराम राजाकडून. लबानोनच्या डोंगरात ओंडके तोडायचे, तराफे करून समुद्रातून आणायचे आणि मग यरुशलेमची चढण. बदल्यात हीरामला दरवर्षी २०,००० कोर (धान्याचं जुनं माप) गहू. २० वर्षांनी दोन्ही कामं उरकल्यावर शलमोनाने त्याला गालीलातली २० गावं दिली, हीराम ती बघायला गेला आणि त्याला ती अजिबात आवडली नाहीत, हे आपल्या संदेशांत कधी येत नाही.

आणि हात कुणाचे राबले? मंदिराच्या वेळी इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला धरली, १०,००० ची पाळी, एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. घरची शेती त्या महिन्यात कोण बघत असेल देव जाणे. पुढे १ राजे ९:१५ मध्ये वेठीचं कारण सांगताना मंदिरासोबत राजाचा वाडा, यरुशलेमचा तट, हासोर, मगिद्दो, गेजेर ही शहरं अशी यादीच येते, म्हणजे चिकाटी म्हणायचीच तर ती मला आधी या पाळीवाल्यांची वाटते.

त्यांनी सोसलं, पण विसरले नाहीत. शलमोन गेल्यावर लोक शखेमला जमले आणि त्याच्या मुलाला, रहबामाला, म्हणाले, तुझ्या बापाने लादलेलं जू हलकं कर. त्याने ऐकलं नाही, उलट वेठीचा मुकादम अदोनीराम यालाच त्यांच्याकडे पाठवला, लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि रहबाम कसाबसा रथात चढून यरुशलेमला पळाला. इस्राएलचे उत्तरेचे दहा वंश तेव्हापासून वेगळे झाले.