पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

मेटल डिटेक्टर कोकलला, खणून पाहिलं आणि हाती काडतुसाची काळवंडलेली पितळी पुंगळी लागली, तर आधी ती रिकामी आहे ना हे बघायचं. तोंडात गोळी बसलेली असेल किंवा बुडाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीवर, खळगा नसेल, तर हात न लावता पोलिसांना कळवायचं. जुनी दारू सर्द झाली असेल या भरवशावर राहू नये.

रिकामी असेल तर साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. तारेचा ब्रश लावला की टोपीभोवतीचं रंगाचं कडं जातं, आणि ब्रिटिश काडतुसात तो रंगच बोलका असतो: जांभळा म्हणजे साधी गोळी, हिरवा चिलखतभेदी, लाल म्हणजे उजेडाची रेघ सोडत जाणारी.

समजा, पुंगळी सुमारे 56 मिलिमीटर लांब आहे, बुडाची कड बाहेर आलेली आहे आणि वर बाटलीसारखी मान आहे. मग ती बहुधा आपली ‘थ्री नॉट थ्री’. ब्रिटिश लष्कराने हे काडतूस 1888 मध्ये घेतलं. बुडावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरं असतील तर ते खडकीच्या कारखान्यातलं. शेजारचे दोन आकडे उत्पादनाचं वर्ष सांगतात आणि रोमन सात म्हणजे 1910 पासूनची टोकदार गोळी. मात्र हे वर्ष काडतूस बनल्याचं. बार उडाला तो कदाचित वीस वर्षांनी, चांदमारीत. हौशी मंडळी इथेच घसरतात. ‘43’ दिसलं की लगेच महायुद्ध!

आत बॅटरी मारून पाहिलं तर टोपीकडे जाणारी दोन बारीक छिद्रं दिसतात. ही बर्डन पद्धत. मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धत. गंमत अशी, की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत बॉक्सरची टोपी रुजली आणि ब्रिटिश लष्कराने बर्डनची घेतली.

पुंगळ्यांचा खरा कस लागला तो अमेरिकेत मोंटाना इथे. 25 जून 1876 रोजी मूळ अमेरिकन जमातींशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याच्या थेट हाताखालच्या तुकडीतलं कुणीच वाचलं नाही. 1983 मध्ये वणव्याने तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांच्या चमूने मेटल डिटेक्टरने माळ पिंजून काढला. प्रत्येक पुंगळी नेमकी कुठे पडली होती याची नोंद करूनच ती उचलली.

टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठोका आणि पुंगळी खेचणाऱ्या आकड्याचे ओरखडे बंदुकीगणिक वेगळे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते जुळवल्यावर एकच बंदूक आधी कुठून आणि मग कुठून झाडली गेली, हे नकाशावर मांडता आलं. सैनिकांच्या कार्बाइनच्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या. टोपी आत दडवलेली असल्यामुळे त्यांचं बूड सपाट आणि कोरं होतं, कारण फ्रँकफर्ड आर्सेनल या अमेरिकी लष्कराच्या काडतूस कारखान्याने बुडावर शिक्का मारायला सुरुवात केली ती 1877 मध्ये. म्हणजे त्या माळावर फ्रँकफर्डचा शिक्का असलेली पुंगळी सापडली, तर ती लढाईतली नव्हेच.