बुरशीचा धागा की ॲक्टिनो? गांडूळखताच्या स्लाइडवरचा नेहमीचा घोळ

गांडूळखताचा थेंब पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि काहीतरी लांबुळकं दिसलं, की आपण लगेच "बुरशी!" म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो, पहिल्या आठवड्यात वहीत इतकी बुरशी लिहिली की बिनमध्ये जंगलच उगवलंय असं वाटायला लागलं, आणि मग हळूहळू कळलं की त्यातले निम्म्याहून जास्त धागे बुरशीचे नव्हतेच, ॲक्टिनो होते.

ॲक्टिनो म्हणजे ॲक्टिनोमायसीट्स, आता ॲक्टिनोबॅक्टेरिया म्हणतात. हे बॅक्टेरियाच, पेशीत केंद्रक नाही, पण वाढतात मात्र धाग्यासारखे आणि फांद्याही फुटतात. जुन्या लोकांनाही ते बुरशीच वाटायचे, नावातला 'मायसीट' हा ग्रीकमधला बुरशीवाचक शब्द आहे, म्हणजे फसलेले आपण पहिले नाही. खताला जो पहिल्या पावसासारखा मातकट वास येतो ना, तो जिओस्मिनचा, आणि ते बनवणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे हेच ॲक्टिनो आघाडीवर. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तेही याच कुळातून. म्हणजे ॲक्टिनो दिसले तर वाईट वाटून घेऊ नका, फक्त ते बुरशीच्या खात्यात लिहू नका.

आता ओळखायचं कसं, तर आधी जाडी बघायची, बाकी सगळं नंतर. ॲक्टिनोचा धागा साधारण 0.5 ते 1 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, बुरशीचा बहुतेक वेळा 2 ते 10. आकडे वाचून डोळ्यासमोर काही येत नाही, मलाही यायचं नाही, म्हणून सोपा उपाय सांगतो: धाग्याच्या शेजारी जे गोल बारीक बॅक्टेरिया वळवळत असतात ते साधारण 1 मायक्रॉनचे असतात, तोच तुमचा फुकटचा मापदंड. धागा त्या ठिपक्याएवढाच बारीक असेल तर ॲक्टिनो, दोन-तीन ठिपके आडवे मावतील एवढा रुंद असेल तर बुरशीचा संशय घ्यायला हरकत नाही. आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, पट्टी असलेली काच बसवून स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे अचूक खुणा कोरलेल्या स्लाइडवर, एकदा जुळवून घेतली तर उत्तमच. ती नसेल तर आयपीसवर लिहिलेला फील्ड नंबर बघा, 18 असेल तर 40 च्या ऑब्जेक्टिव्हला (स्लाइडजवळचं, 40 पट मोठं करणारं भिंग) 18 भागिले 40, म्हणजे समोरचं अख्खं वर्तुळ 0.45 मिलिमीटर, 450 मायक्रॉन. त्यावर अंदाज बांधता येतो.

दुसरी खूण याच्यातूनच निघते. 400 पटीला बुरशीचा धागा नळीसारखा दिसतो, दोन कडा वेगळ्या आणि मधे पोकळी किंवा दाणेदार माल. ॲक्टिनो मात्र पेनाची एक रेघ मारावी तसा, कडा वेगळ्या दिसतच नाहीत. कारण साधं आहे, 0.65 एनए (भिंग किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकतं ते सांगणारा आकडा) असलेलं 40 चं ऑब्जेक्टिव्ह जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा तपशील वेगळा करू शकतं, मग अख्खा धागाच एक मायक्रॉनचा असेल तर त्याच्या दोन भिंती कुठून दिसणार! हे बघताना कंडेन्सरखालचा (स्टेजखालच्या, उजेड एकवटणाऱ्या भिंगाखालचा) आयरिस, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, बराच बंद करा, उजेड कमी होतो पण कडा उठून येतात, उघडा ठेवला तर बारीक ॲक्टिनो अक्षरशः गायब होतात.

आडव्या भिंती म्हणजे सेप्टा, बांबूच्या पेरांसारख्या. त्या दिसल्या आणि धागाही जाड असला तर बुरशी, आणि पेरापाशी बाजूला छोटा फुगवटा दिसला तर मशरूमच्या कुळातली बुरशी, त्याला क्लॅम्प कनेक्शन म्हणतात. पण उलटं धरू नका हं, म्युकरसारख्या बुरशीत अशा भिंती जवळपास नसतातच, म्हणून भिंत नाही म्हणजे ॲक्टिनो असं होत नाही. रंगाचं बघाल तर तपकिरी जाड धागा बहुधा बुरशी, पण बिनरंगी बुरशीही भरपूर असते, त्यामुळे रंगावर मी फार भर देत नाही.

एवढी काटेकोरी कशाला म्हणाल तर हिशोबासाठी. धाग्याचं आकारमान जाडीच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे 1 मायक्रॉनचा धागा तुम्ही 3 मायक्रॉनची बुरशी म्हणून लिहिलात की एका फटक्यात नऊपट बायोमास, म्हणजे जिवंत माल, कागदावर आला, आणि वर बॅक्टेरियाच्या खात्यातून तो गेला ते वेगळंच. बुरशी-बॅक्टेरियाचं गुणोत्तर मग कसलं खरं राहणार. त्यात गांडुळं बुरशीही खातात, त्यामुळे ताज्या विष्ठेत ती कमी दिसली तर खत बिघडलं असं समजू नका.

नमुना बनवताना क्लोरिन नसलेलं पाणी घ्या, एक भाग खत आणि पाच किंवा दहा भाग पाणी, आणि जे प्रमाण घ्याल तेच दर वेळी. बाटली हळू उलटीपालटी करा, जोरात हलवली तर लांब धागे तुटून तुकडे होतात आणि मग जाडीशिवाय काहीच हाती राहत नाही. कव्हरस्लिप एका कडेवर तिरकी टेकवून सोडा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या काळ्या कडा बघून नवशिके तासन् तास वाया घालवतात. एकाच जागेवर भाळू नका, स्लाइडभर फिरून निदान वीस ठिकाणं बघा.

आणि माझी सगळ्यात लाजिरवाणी 'बुरशी' सांगतो. 20 मायक्रॉनच्या आसपास जाड, चकचकीत, मधेच पीळ पडलेला धागा, फोटो काढले, दोन मित्रांना पाठवले, नाव काय असेल म्हणून रात्रभर शोधलं. फांदी एकही नाही, आडवी भिंत नाही, रुंदी मात्र रिबिनीसारखी चपटी, हे सगळं दिसत होतं पण बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोरी स्लाइड नुसती टिश्यूने पुसून ठेवली, वर पाण्याचा थेंब टाकला, तर त्यातही तोच!