मधुमेही पायाची जखम आणि दाबाखालचा ऑक्सिजन

मधुमेहात पाय बधिर झाला की चपलेतला खडा दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही. कळतं तेव्हा मोजा ओला झालेला असतो. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर जखमेपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. तो नसेल तर पांढऱ्या पेशींना जंतू मारता येत नाहीत आणि नव्या त्वचेखालचं कोलॅजन, म्हणजे तिला आधार देणारं प्रथिनही, पक्कं होत नाही.

मग नाकाला नळी लावून भागत नाही का? नाही. निरोगी फुप्फुसं असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. वाढवायला जागा उरते ती प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात. १०० मिली रक्तात एरवी जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो; तिप्पट वातावरणीय दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो ६ मिलीच्या आसपास जातो. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० साली दाखवलं की अशा दाबाखाली डुकरं जवळजवळ तांबड्या पेशींवाचूनही काही काळ जगतात.

जखमेसाठी रुग्णाला हवाबंद चेंबरमध्ये ठेवून शुद्ध ऑक्सिजन देतात; आतला दाब वातावरणाच्या साधारण दोन ते अडीच पट ठेवतात. रोज दीड तास, अशी ३०-४० सत्रं. आत जाताना कपडे सुती, अंगाला तेल नाही, मोबाइल बाहेर. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीही महागात पडते. दाब चढताना कानांना दडे बसतात. आत रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ती आधी तपासतात.

गुण किती येतो? स्वीडनमधल्या २०१० च्या चाचणीत वर्षभरात ५२ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या; नुसती दाबाखालची हवा मिळालेल्यांत २९ टक्के. कॅनडा (२०१६) आणि नेदरलँड्स (२०१८) इथल्या चाचण्यांत मात्र पाय वाचवण्यात ठळक फरक दिसला नाही. डच चाचणीत तर बऱ्याच जणांना सत्रं पूर्णही करता आली नाहीत.

मला वाटतं, चेंबरची पाळी उशिराच यावी. आधी तळव्यावरचा भार काढायचा. त्यासाठीचं प्लास्टर पूर्वी कुष्ठरुग्णांच्या जखमांना घालत, आणि वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत ते रुजवलं. सडलेला भाग काढणं, जंतुसंसर्ग आवरणं, तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करणं हेही आधीच. एवढं करूनही रक्तपुरवठा कमी असलेली जखम हटून बसली, तर चेंबरचा विचार करावा, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हाही जखमेजवळच्या त्वचेवर सेन्सर चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजता येतो. चेंबरमध्येही तो आकडा फारसा चढत नसेल, तर पुढची सत्रं वाया जाण्याचीच शक्यता जास्त.