एक्झॉस्ट बदलल्यानंतरचे मोटरसायकल ट्यूनिंग

मोटरसायकलचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून बाहेरचा बसवल्यावर इंजिनाला मिळणारे पेट्रोल आणि ठिणगीची वेळ नव्याने जुळवण्याचे काम. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते जेट (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोक) आणि नीडल (त्यात वरखाली होणारी सुई) बदलून होते, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू या इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे पेट्रोलचा तक्ता, बदलून. ‘नवा सायलेन्सर लावला की गाडी लीन होते’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. सायलेन्सर पेट्रोलला हातही लावत नाही. बदलते ती सिलिंडरमध्ये शिरणारी हवा, आणि तीही सगळीकडे सारखी नाही: काही आरपीएमला वाढते, काहींना होती तेवढीच राहते, काहींना चक्क घटते. म्हणून सरसकट सगळीकडे पेट्रोल वाढवून ठेवणे याला ट्यूनिंग म्हणता येत नाही.

लाटेचा हिशेब : एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळलेल्या वायूबरोबर दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. पाइप जिथे उघडा पडतो किंवा एकदम रुंद होतो तिथून ती कमी दाबाची लाट होऊन उलटी फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात त्या वेळी, म्हणजे ओव्हरलॅपमध्ये, ही लाट परत पोहोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला वाट करून देते. समजा बेंड पाइप, म्हणजे सिलिंडरपासून निघणारा पहिला पाइप, 90 सेंमी लांब आहे. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला 540 मी. धरला, तर जाऊन-येऊन 1.8 मी.ला सुमारे 3.3 मिलिसेकंद लागतात. 6,000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक 120 अंश फिरतो, 3,000 ला फक्त 60 आणि 9,000 ला 180. ओव्हरलॅप मात्र क्रँकच्या ठरलेल्या अंशांतच येतो. त्यामुळे एकच पाइप एका आरपीएमला इंजिनाला श्वास देतो आणि दुसऱ्याला चुकीच्या वेळी दाबाची लाट आणून तोच श्वास अडवतो.

‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतेच’ हा समज इथूनच आला असावा. मोकळा, जाड पाइप लावला की खालचा पिकअप जातो, हे निरीक्षण बरोबर आहे. कारण चुकीचे आहे. पिकअप जातो तो लाटेची वेळ हुकल्यामुळे, रुंद पाइपात वायूचा वेग मंदावल्यामुळे आणि बऱ्याचदा जुनेच जेटिंग ठेवल्यामुळे. नुसता अडथळा कुठल्याच इंजिनाला हवा नसतो. यामाहाने 1989 च्या एफझेडआर 1000 मध्ये एक्झॉस्टमध्ये फिरणारा व्हॉल्व्ह बसवला, तो या लाटांची तडजोड साधण्यासाठीच. त्याला एक्झअप म्हणतात. असा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीला पूर्ण नवी सिस्टिम लावून तो काढून टाकला, तर मीटरवर फॉल्ट कोड येतो आणि मधल्या आरपीएमला ताकदीत एक खड्डाही पडतो. कोड घालवता येतो. खड्डा मॅपने पूर्ण भरत नाही.

फक्त शेवटचा डबा बदलला, म्हणजे स्लिप-ऑन लावला आणि धूर स्वच्छ करणारा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहिला, तर हवेत फारसा फरक पडत नाही. अशा गाडीला पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. बेंड पाइपपासून सगळे बदलले, किंवा सोबत मोकळा एअर फिल्टर बसवला, तर मात्र ट्यूनिंग टाळता येत नाही.

आधी गळती : जेटला किंवा मॅपला हात लावण्यापूर्वी जोड तपासायचे. सिलिंडर हेडजवळचे गॅस्केट एकदाच दबण्यासाठी बनवलेले असते. जुनेच परत बसवले की तिथून फुसफूस सुरू होते. इथे एक गोष्ट उलटी वाटते. गळतीतून धूर बाहेर जातो, तशीच दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ऑक्सिजन सेन्सरपर्यंत गेली की सेन्सर ‘लीन’ म्हणून ओरडतो आणि ईसीयू नसलेल्या आजारावर पेट्रोल ओतू लागतो. मालकाला गाडी काळा धूर का सोडते ते कळत नाही आणि तो मॅपला दोष देतो. इंजिन थंड असताना चालू करून जोडाभोवती साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे लगेच दिसतात.

कार्ब्युरेटरची गाडी : अ‍ॅक्सिलरेटर किती पिळला आहे त्यावर कार्ब्युरेटरचा कोणता भाग काम करतो ते ठरते. बंद ते पाव पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊण नीडल, त्यापुढे मेन जेट. सीमा एकमेकींत मिसळतात, पण तक्रार कुठली ते शोधायला एवढे पुरते. जाणते मेकॅनिक मुठीवर आणि स्विचच्या खोक्यावर कागदी टेप चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करतात. ‘मधेच अडखळते’ या वाक्याला त्या खुणेशिवाय अर्थ नसतो.

काम वरून खाली करायचे: आधी मेन जेट, मग नीडल, शेवटी पायलट. मेन जेट एका वेळी एकच पायरी बदलतात. जेटवरचा आकडा कंपनीनुसार वेगळ्या मापाचा असतो. केहिनचा भोकाच्या व्यासावरून, मिकुनीच्या षटकोनी जेटचा त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरून. एकाचा 120 दुसऱ्याच्या 120 शी ताडून पाहणे फसवे ठरते. नीडलच्या डोक्याकडे खाचा असतात आणि एका खाचेत इवलीशी क्लिप. क्लिप खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. वर सरकवली की लीन. हे सगळ्यांना पाठ असते आणि ऐन वेळी सगळ्यांचेच उलटे होते. स्क्रूचीही तीच गत. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, म्हणजे बाहेर फिरवला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, म्हणजे बाहेर फिरवला की रिच. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे सोडावा लागत असेल तर पायलट जेटच लहान आहे असे समजावे.

पडताळा प्लगवरून घेतात. नवा प्लग लावून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थोडे अंतर धावायचे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. इंजिन आयडलिंगवर येऊ दिले तर वरची खूण पुसली जाते. फिकट तपकिरी चांगला, पांढराफटक लीन, काजळी धरलेला रिच. मात्र शिसेविरहित पेट्रोलवर हे रंग पूर्वीइतके बोलके राहिलेले नाहीत, म्हणून प्लगची साक्ष एकटीच मानू नये.

फ्युएल इंजेक्शनची गाडी : ईसीयूमध्ये आरपीएम आणि थ्रॉटल, किंवा आरपीएम आणि इनटेकमधला दाब, यांचा तक्ता असतो आणि त्याच्या प्रत्येक घरात पेट्रोलचा आकडा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. पूर्ण ताकद मात्र 13 च्या आसपास, थोड्या रिच मिश्रणावर मिळते. मूळ ऑक्सिजन सेन्सर अरुंद पट्ट्याचा असतो: तो 14.7 च्या अलीकडे की पलीकडे, एवढेच सांगतो. बॉशने 1976 मध्ये व्हॉल्व्हो मोटारींत दिलेला लँब्डा सेन्सर याच जातीचा होता. त्यावर 13 साधता येत नाही; त्यासाठी नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर लागतो.

आयडलिंगला आणि संथ चालीत ईसीयू या सेन्सरचे ऐकून सतत दुरुस्ती करतो, पूर्ण थ्रॉटलला तो ऐकत नाही. पॉवर कमांडरसारखा वरून जोडलेला पिगीबॅक, म्हणजे ईसीयूचा हुकूम वाटेत बदलणारा डबा, या संथ पट्ट्यात पेट्रोल वाढवतो तेव्हा ईसीयू तेवढेच कापतो. दोघांची ओढाताण चालते आणि मालकाला वाटते डबा बिघडला. त्यामुळे एक तर तो पट्टा मोकळा सोडायचा किंवा ईसीयूच रीमॅप करून घ्यायचा. रीमॅपचा आणखी एक फायदा म्हणजे ठिणगीची वेळही हाती येते. सिलिंडरमध्ये जुना धूर कमी उरला तर मिश्रण लवकर जळते आणि अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी टाकण्याचे प्रमाण, थोडा कमी पुरतो. हे पाहणारे ट्यूनर कमीच.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तक्त्याचे एकेक घर भरत जातात. सेन्सर सायलेन्सरच्या तोंडात घातला आणि सायलेन्सर आखूड असला, तर कमी आरपीएमला बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा लीन दिसतो. बेंड पाइपवर जोड वेल्ड करून तिथे बसवलेला बरा. नवा एक्झॉस्ट लावण्यापूर्वीची एक फेरी त्याच डायनोवर, शक्यतो त्याच दिवशी, घेतलेली असावी. दोन वेगळ्या डायनोंवरच्या हॉर्सपॉवरची तुलना ही निव्वळ बढाईची सामग्री आहे.

फटाके : अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून येणाऱ्या फटफट आवाजाला लोक लीनचे लक्षण मानतात. कधी असते, पुष्कळदा नसते. धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी व्यवस्था अनेक गाड्यांत असते; न जळलेले पेट्रोल त्या हवेत पाइपात पेटते. मूळ जड सायलेन्सर तो आवाज गिळत होता, नवा गिळत नाही. त्यासाठी मेन जेट वाढवण्यात काही अर्थ नाही, कारण थ्रॉटल बंद असताना मेन जेट कामावरच नसतो.

खरा धोका वेगळ्या जागी असतो. पूर्ण भाराखाली लीन चाललेले इंजिन ठोके देते आणि पिस्टनच्या माथ्याला इजा होते. अति रिच गाडी लगेच बिघडत नाही, पण पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. तो काढून टाकणे आणि आवाजाची मर्यादा ओलांडणे अनेक देशांत कायद्याने गुन्हा आहे.

टू-स्ट्रोक : इथे पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन याने एक्सपान्शन चेंबरमधून, म्हणजे मधे फुगून पुन्हा निमुळत्या होणाऱ्या पाइपातून, परतणाऱ्या लाटेने निसटते मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलण्याचे तंत्र घोटून घेतले आणि 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून लिटरभर क्षमतेमागे 200 हॉर्सपॉवर या हिशेबाने ताकद काढली. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या सुझुकीकडे पोहोचली. अशा इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळत असेल, तर लीन होणे म्हणजे ऑइलही तुटणे. पिस्टन सरळ जाम होतो. म्हणून टू-स्ट्रोकला नवा चेंबर लावताना मेन जेट आधी मोठा घालतात आणि प्लग पाहत पाहत खाली येतात.

मूळ सायलेन्सर परत लावला तर जेट किंवा मॅपही मूळ करावा लागतो. काढलेले जेट आकडा लिहून पुडीत ठेवतात. रीमॅप करण्यापूर्वी मूळ फाइल उतरवून घेतलेली असेल तरच परत जाता येते.