अकेडियात सूर्य कुठे मावळतो?

सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन येतात. मुलगा बोस्टनकडे असेल तर अकेडिया राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरतो, आणि मग विचारणा होते, "सूर्यास्त बघायला तिथल्या कुठल्या बीचवर जायचं?" आपल्या ओळखीचा समुद्र गणपतीपुळ्याचा नाहीतर मालवणचा. तो पश्चिमेला, म्हणून सूर्य पाण्यातच बुडतो हे मनात पक्कं बसलेलं असतं. अकेडिया मात्र अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मेन राज्यात, अटलांटिकच्या काठावर आहे. तिथले सँड बीच, ऑटर क्लिफ सूर्योदयासाठी उत्तम. संध्याकाळी तिथे सूर्य डोंगराआड जातो.

दुसरा गैरसमज याहून जुना आहे: सूर्य पश्चिमेला मावळतो. अगदी पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास. सोलापुरात गच्चीवरून पाहिलं तर २१ जूनला तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. हात ताठ पुढे करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे सहा महिन्यांत मावळतीची जागा पाच मुठी सरकते.

अकेडियात ती जवळजवळ सात मुठी सरकते, आणि याचं कारण मला फार आवडतं. पृथ्वीच्या अक्षाचा कल दोन्हीकडे तोच, २३.४ अंश. पण सोलापूरचा अक्षांश १७.७, त्यामुळे इथे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. ४४.३ अक्षांशावर त्याचा मार्ग तिरपा होतो, आणि तिरप्या रेषेने क्षितिज कापलं की तेच २३.४ अंश क्षितिजावर ताणले जातात. हिशेब असा: सूर्याच्या क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासून तो किती अंश दूर आहे त्याच्या, जास्तीत जास्त २३.४) साइनला अक्षांशाच्या कोसाइनने भागायचं, येईल ते पश्चिमेपासूनच्या कोनाचं साइन. सोलापूरसाठी ०.३९८ भागिले ०.९५३, म्हणजे ०.४१८, कोन २४.७ अंश. अकेडियासाठी ०.३९८ भागिले ०.७१६, म्हणजे ०.५५६, कोन ३३.८ अंश. असंच उत्तरेकडे सरकत गेलं की ६६.६ अक्षांशावर भागाकार बरोबर १ येतो, आणि त्यापलीकडे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. एवढ्याशा सूत्रातून अख्खं ध्रुववृत्त निघतं! त्याच तिरपेपणामुळे सूर्यास्तही रेंगाळतो. विषुवदिनी सूर्यबिंब क्षितिजाखाली जायला सोलापुरात सव्वादोन मिनिटं लागतात, अकेडियात तीन.

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत "आजपासून उत्तरायण" असं दरवर्षी ऐकू येतं. यात्रेचा आनंद आहेच, पण सूर्य वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांतीपर्यंत मावळतीची जागा चार सूर्यबिंबांइतकी उत्तरेला सरकलेलीही असते. गच्चीवरून ते कुणालाही तपासता येतं, त्यासाठी पंचांग लागत नाही.

आता जागा निवडू. जूनमध्ये अकेडियात सूर्य उत्तरेपासून मोजलेल्या ३०४ अंशांवर, वायव्येकडे मावळतो, रात्री सव्वाआठनंतर. बास हार्बरचं दीपगृह अकेडियाच्या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. जूनमध्ये तिथून सूर्य जमिनीवर मावळताना दिसतो. डिसेंबरमध्ये तोच २३६ अंशांवर, नैर्ऋत्येला, बेटं विखुरलेल्या समुद्राच्या बाजूला जातो. म्हणून महिना न सांगणाऱ्या 'सर्वोत्तम सूर्यास्त' याद्यांवर माझा विश्वास नाही. उन्हाळ्यात गेलात तर ४६६ मीटर उंचीच्या कॅडिलॅक डोंगरावर जा. माथ्याच्या थोडं खाली, पश्चिमेच्या अंगाला ब्लू हिल ओव्हरलुक आहे. हंगामात वर गाडी न्यायला आगाऊ आरक्षण लागतं, ते आधीच करून ठेवा.

एक काळजी घ्या. सोलापुरात होकायंत्राची सुई जवळपास खऱ्या उत्तरेकडे असते. मेनमध्ये ती सुमारे १५ अंश पश्चिमेला झुकते. साधं होकायंत्र वापरणार असाल तर तिथे ३०४ ऐवजी ३१९ चा आकडा धरायचा.