प्लेगचा कायदा वेगळा, महारोग्यांचा वेगळा: १८९७ आणि १८९८ ची खिचडी पुरे आता

"इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा आणला आणि त्याच कायद्याखाली प्लेगच्या पेशंटांसारखे महारोगीही घराघरातून उचलून कोंडले." हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता चीड येते. वर बहुतेक वेळा फोटो चिकटवलेला असतो मोलोकाई बेटाचा. अहो, मोलोकाई हवाईत आहे, तिथे महारोग्यांना नेऊन ठेवायचे, आणि फादर डेमियन (त्यांची सेवा करता करता स्वतःच महारोगी झालेले पाद्री) तिथे होते तेव्हा हवाईला स्वतःचा राजा होता, इंग्रजांचा काय संबंध?

प्लेगचं आधी उरकतो, ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग, फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईत कायदा, पुण्यात रँड, घरात शिरून झडत्या घेणारे सोल्जर, २२ जूनची रात्र, चापेकर. कोविडमध्ये हाच कायदा परत बाहेर काढला. यातलं एवढंच धरून ठेवा की तो कायदा आजाराच्या मागे जायचा. वाडा असो नाहीतर झोपडी, ताप-गाठ दिसली किंवा नुसता संशय आला तरी सरकार दारात.

महारोग्यांसाठीचा लेपर्स ॲक्ट आला १८९८ मध्ये. पाठोपाठ आले म्हणून लोक दोघांना सख्खे भाऊ समजतात. पण बंगालने असाच कायदा १८९५ मध्येच केला होता, तेव्हा मुंबईत प्लेगचा पत्ताही नव्हता.

आता जिथे सगळे घसरतात ते. या कायद्याने पोलिसाला वॉरंटशिवाय पकडता यायचा तो 'पॉपर लेपर', म्हणजे कंगाल महारोगी. व्याख्याच अशी की जो उघड्यावर भीक मागतो, भीक मिळावी म्हणून जखमा नाहीतर व्यंग दाखवतो, किंवा ज्याच्या पोटापाण्याचं काही साधन दिसत नाही आणि तरी मोकळा फिरतो. म्हणजे असं बघा, एकाच गल्लीत दोन माणसं आहेत, दोघांच्या बोटांची सारखीच झड झालीये, एक माडीवर राहतो, घरचे जेवायला घालतात, दुसरा देवळाच्या पायरीवर बसून हात पुढे करतो. पहिल्याच्या घरात या कायद्याने कुणी पाऊल टाकत नव्हतं. दुसऱ्याला उचलायचं, लेपर इन्स्पेक्टरपुढे (हा डॉक्टर) उभं करायचं, त्याने सर्टिफिकेट दिलं की मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तिथून असायलममध्ये, म्हणजे महारोग्यांना ठेवायच्या आश्रमात. आणि कुणी नातेवाईक किंवा मित्र पुढे येऊन 'याला मी सांभाळतो, भीक मागू देणार नाही' असं लिहून देत असेल तर मॅजिस्ट्रेट त्याच्या हवाली करू शकत होता! आजार तोच, जंतू तोच, फक्त जामीन मिळाला. संसर्गाची भीती हेच खरं कारण असतं तर हे कलम कायद्यात आलंच नसतं.

पैसेवाले अगदीच सुटले असंही नाही, सरकारने नोटिफिकेशन काढलं तर त्या भागात कुठल्याही महारोग्याला खायचे पदार्थ, औषधं, कपडे विकायची बंदी, ठरावीक विहिरी-तळ्यांवर बंदी, भाड्याच्या गाडीत बसायची बंदी. त्यातून रेल्वेचा डबा मात्र वगळलेला, म्हणजे टांग्यात बसला तर गुन्हा आणि आगगाडीत चालेल. पण बंदी आणि कोंडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

असं का झालं? डेमियन १८८९ मध्ये वारले आणि इंग्लंडात घबराट उडाली, फंड जमला, आणि १८९०-९१ मध्ये लेप्रसी कमिशन हिंदुस्थानात फिरून गेलं. त्यांचं म्हणणं पडलं की हा रोग आनुवंशिक नाही, लागतो पण फार कमी, सक्तीने सगळ्यांना वेगळं ठेवायचं कारण नाही. लंडनमधल्या काहींना हे अजिबात पटलं नाही. पण १८९१ च्या जनगणनेत महारोगी निघाले सव्वा लाखाच्या आसपास, एवढ्यांना ठेवायचं कुठे आणि खर्च कुणी करायचा? शिवाय शहरातल्या बड्या लोकांची तक्रार रस्त्यावरच्या भिकाऱ्यांची होती, घरातल्या आजाऱ्यांची नव्हे. मुंबईत तर म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ (हेच ते, शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा करणारे) यांनी कायद्याच्या आठ वर्षं आधी, १८९० मध्येच माटुंग्याला बेघर महारोग्यांचं असायलम उघडलं होतं. वडाळ्याचं ॲक्वर्थ हॉस्पिटल ते हेच.

सगळ्यांना कोंडलं ते दुसरीकडे. केप कॉलनीत (आजच्या दक्षिण आफ्रिकेत) १८८४ चा लेप्रसी रिप्रेशन ॲक्ट होता, तो १८९२ पासून जोरात लागू झाला, आणि त्यात गरीब-श्रीमंत बघितलं नाही, गोरे पेशंटसुद्धा रॉबेन बेटावर गेले. हो, मंडेलांना पुढे जिथे ठेवलं तेच बेट. तिथले महारोगी १९३१ पर्यंत तिथेच होते. म्हणून 'ब्रिटिश वसाहतींमध्ये असं होतं' हे वाक्यच मला नकोसं होतं. कुठल्या वसाहतीत ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

मिशनच्या आश्रमांचंही यात कारण नसताना मिसळतात. वेल्स्ली बेलींच्या ख्रिस्ती मिशनने १८७४ पासून आश्रम चालवले, तिथे बहुतेक माणसं आपणहून यायची, कारण घरच्यांनी बाहेर काढलेलं असायचं.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. १८९८ च्या मूळ कायद्यात 'लेपर' धरायचा तर जखमा वाहायला लागलेल्या असायला हव्यात अशी अट होती, ती १९२० च्या दुरुस्तीत गेली. आज आपल्याला माहीत आहे की पायाची जखम बऱ्याचदा नस मेल्यामुळे होते, बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही म्हणून. जंतू बाहेर पडतात ते मुख्यतः उपचार न घेतलेल्या पेशंटच्या नाकातून, आणि अशा माणसाच्या अंगावर एकही जखम नसू शकते. म्हणजे जखमा दाखवून भीक मागणारा पकडला जायचा आणि ज्याच्यापासून खरा धोका, तो दुकानाच्या गल्ल्यावर बसून हिशोब करत असू शकायचा. १९२० मध्ये जखमांची अट गेली, कंगालपणाची तशीच राहिली, आणि कायदा पुस्तकातून निघाला तो थेट २०१६ मध्ये.